क्षमाला मासा देऊ नका

—नको, अनुपमावहिनी, मासा नको. फुगा द्या, शिट्टी द्या, पेन्सिल-रबर द्या, केकचा तुकडा कागदात बांधून द्या, त्याला कोण नको म्हणतंय. बसा ना, उभ्या का? ती साडी सरकवा बाजूला, फॉल लावायला आलीय, काही होत नाही तिला. तुम्ही एवढे जिने उतरून आमंत्रण द्यायला आलात, मुलाचा पहिलाच वाढदिवस ह्या नव्या जागेतला, आणि तुम्ही आल्या-आल्या मी नको-नको करतेय — वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही दिवाळीनंतर राहायला आलात, तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. एरवी ह्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या आमटीत मीठ जास्त पडलं तरी गच्चीपर्यंत कळतं, पण हे एक कुणी बोलत नाही. कसलं म्हणजे? माशांचंच. दुसरं काय.

हे? हे गावी असतात. कणकवलीच्या बाजूला. थोडी आंब्याची कलमं आहेत, भाऊबंदकी आहे, कुणीतरी बघायला नको का. असतात तिकडे.

तर काय सांगत होते — आमच्या खालची जयंती. तिच्या मुलीचा वाढदिवस होता, मे महिन्यात, गेल्या नाही, त्याच्या आधीच्या. शाळेला सुट्टी, सगळी पोरं घरात, सगळ्यांना बोलावलं तिने. हौस दांडगी. आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी, तोंडाला रबर बांधलेलं, आत पाणी आणि पाण्यात सोनेरी मासा. मी दारातच उभी होते. पोरं जिना चढत होती ना — एरवी दणादणा चढतात, त्या दिवशी एकेक पायरी बघून, पिशवी दोन्ही हातांत धरून, कुणी बोलेना. देवाची मूर्ती आणावी तशी. मला काय वाटलं सांगू, मला छान वाटलं. आणि जयंतीचं मन वाईट होतं का? मुळीच नाही. मला म्हणाली, शेवंती, पेन्सिल काय गं, हरवते, जिवंत काही दिलं की पोरं जन्मभर लक्षात ठेवतात. आता तुम्हीही तेच म्हणालात ना मघाशी. ठेवतात हो. लक्षात ठेवतात.

पण घरी कुणाकडे काय होतं? काचेची पेटी होती? काही नव्हतं. बादल्या होत्या. पहिल्या मजल्यावर एकीने नळाखाली धरला, पाणी बदलावं म्हणून, तो नळाच्या धारेनेच गेला. एकाने त्याला अख्खी चपाती कुस्करून घातली. एक पिशवी रात्रभर खिडकीच्या गजाला तशीच टांगलेली. आणि समोरचे शहा — ते जैन, घरात मासा ठेवायचं पाप आणि मारायचंही पाप — ती बिचारी बाई पिशवी हातात घेऊन जिन्यात उभी, आत जाईना, खाली जाईना, रडायच्या बेताला आलेली. तिला कुणी विचारलं होतं का? माझं म्हणणं एवढंच आहे वहिनी. तुम्ही म्हणाल, तुम्ही कोकणातली माणसं, रोज मासे खाता, तुम्ही काय सांगता. खाते ना. आज सकाळीच बांगडे कापले. पण बाजारातनं आणलेला बांगडा माझ्याकडे बघून काही मागत नाही. तो खायला आणलेला असतो, त्याला ठाऊक, मला ठाऊक. हे जिवंत हातात ठेवायचं आणि म्हणायचं, घे, आता तू जगव — आणि तेही लहान पोराला — हे निराळं. हे निराळं आहे.

हे तेव्हा घरीच असायचे. गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. संप झाला, तुम्हाला ठाऊकच आहे, पुढे गिरणी उघडली पण ह्यांना काही परत घेतलं नाही. सुरुवातीला जायचे गेटवर, बसायचे सगळ्यांबरोबर, मग तेही सोडलं. मग बोलणं सोडलं. भांडण नाही, दारू नाही, काही नाही — लोकांना वाटतं, गिरणीवाला म्हणजे दारू — ह्यांनी कधी शिवली नाही. नुसते त्या खिडकीपाशी बसायचे. जेवायला वाढलं की जेवायचे. आमची क्षमा दुसरीतनं तिसरीत गेली, पहिला नंबर आला, प्रगतिपुस्तक पुढ्यात धरलं तर मान हलवली. मी फॉल-बिडिंगची कामं आणायला लागले ती तेव्हापासून.

आणि क्षमाने तो मासा आणला. पिशवी घेऊन सरळ ह्यांच्याकडे गेली, माझ्याकडे नाही. बाबा, हा मरेल का? एवढंच विचारलं. हे उठले हो. काय बोलू — किती महिन्यांनी तो माणूस आपणहून उठला. माळ्यावरची लोणच्याची काचेची बरणी काढली, घासली, पुन्हा घासली, वास घेऊन बघितला. नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून पातेल्यात पाणी काढून उन्हात ठेवायचे, मग निवल्यावर बरणीत. स्टेशनकडच्या मासेवाल्या दुकानात जाऊन विचारून आले काय घालायचं, किती घालायचं. दाढी करून गेले. मी चुलीपाशी तोंड फिरवून उभी राहिले, म्हटलं, बघू नये, नजर लागेल.

बोलायचे त्याच्याशी. आमच्याशी नाही, त्याच्याशी. दुपारी मला झोप लागली असं वाटलं की हळू आवाजात, मालवणीत. मी पडून ऐकायची. गावचं सांगायचे, व्हाळात, ओढ्यात, मासे कसे धरायचे लहानपणी ते, साच्याचा आवाज कसा असतो, खात्यातनं बाहेर आलं तरी तो कानात कसा चालूच राहतो, आणि आता तो बंद झालाय तर झोप येत नाही — हे मला कधी सांगितलं नव्हतं, एवढ्या वर्षांत. मला वाटायचं आवाजाचा त्रास होतो म्हणून ह्यांना शांत बसायला आवडतं. एकदा म्हणाले, "तुका हंय कोणी बोलवल्यान? माकाय कोणी बोलवल्यान नाय." म्हणजे — तुला इथं कुणी बोलावलं होतं? मलाही नाही. असं माशाला. मी उठून बसले नाही. उठले असते तर ते गप्प झाले असते.

नाही, चांगलंच चाललं होतं म्हणतेय ना मी. पण झालं काय, आमचा मासा जगला आणि बाकीच्यांचे एकेक करून जायला लागले. पोरांना ते कळलं. मग एक आला, काका, माझा हा उलटा होतोय. दुसरी आली. कुणी वाटीत घेऊन, कुणी गडूत. काकांकडे जगतो, काकांकडे द्या. हे नाही म्हणाले नाहीत. कुणाला नाही म्हणायला जमलंच नाही त्या माणसाला कधी. माझी पातेली, डबे, स्टीलची कळशी, सगळ्यांत मासे. आणि ते येतानाच अर्धे मेलेले असायचे हो, त्यांना काय जगवणार. सकाळी दार उघडावं तर पोरं उभी. काका, माझा कसा आहे? काका, माझा खातो का? आणि हे एकेकाला सांगायचे — गेला, बाळा. पंपाच्या खोलीमागे माती उकरून पुरायचे, पोरांना घेऊन. पहिल्या-पहिल्यांदा पोरं रडली. मग रडेनाशी झाली, नुसती बघायची ह्यांच्याकडे. एका बाईने जिन्यात म्हटलं, मी नाव सांगत नाही, मजेतच म्हणाली ती, दत्ताराम भावोजींच्या हाताला यश नाही बघा. हे मागनं दळण घेऊन येत होते. ऐकलं त्यांनी. डबा ठेवला ओट्यावर, पीठ सांडलं थोडं, ते बोटाने गोळा करत बसले.

शेवटी आमचा एकच राहिला. आणि सगळी पोरं आमच्याकडे यायला लागली तो एक बघायला. आमचा मासा म्हणायची, सगळ्यांचा तो. त्यापेक्षा आधीच गेला असता तर — जाऊ दे. हे बरणीपासून हलेनात. जेवताना बरणी समोर. मी म्हटलं, अहो, मासाच तो. बरणी आणखी जवळ ओढून घेतली. त्यात पाणी कमी यायला लागलं, जूनमध्ये पाऊस लांबला ना त्या वर्षी, नळाला करंगळीएवढी धार, ते पाणी प्यायला ठेवायचं की बरणीत घालायचं? तो मासा वर येऊन तोंड उघडायला लागला. क्षमा म्हणाली, बाबा, त्याला काहीतरी म्हणायचंय.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी त्याला परत पिशवीत भरला. जयंतीचीच पिशवी, धुऊन ठेवली होती. म्हणाले, मोठ्या पाण्यात सोडून येतो. मी म्हटलं, या. मला बरंच वाटलं, सुटलो एकदाचे. क्षमा म्हणाली, मी पण. बरं म्हणाले, चल. तिने पिवळा फ्रॉक घातला, मी वेणी घालून दिली, चपला घातल्या, दोघं दारात. आणि दारातनं — ह्याच दारातनं — तिचा हात सोडला आणि म्हणाले, नको, तू आईजवळ रहा. ती हट्ट करायला लागली तर खाली बसले, तिच्या फ्रॉकचं बटण लावलं, म्हणाले, आईजवळ रहा. आणि गेले.

आले नाहीत.

नाही, गावी नाहीत. मी सगळ्यांना तसं सांगते. तुम्हालाही मघाशी — काय करू, तोंडात बसलंय.

शोधलं ना. शोधलं नाही असं कसं. पोलिसांत दिलं, हॉस्पिटलं बघितली, गिरणीतले दोस्त आठवडाभर फिरले. कुणी म्हणालं माहुलच्या बसमध्ये बघितलं, हातात पिशवी होती म्हणून लक्षात राहिले. मी गेले माहुलला. तिथे कोळीवाड्यात एक सुंदराबाई म्हणून म्हातारी आहे, बंदरावर जाळी सांधत बसते, तिने ह्यांना बघितलं होतं. म्हणाली, आला होता गं, बाजूला येऊन बसला, मला विचारलं, मावशी, हा इथे सोडला तर जगेल का? मी सांगितलं, नाही रे बाबा, खाडीचं पाणी खारं, हा गोड्या पाण्यातला, लगेच मरेल. मग? मग म्हणे ते हसले. बरं झालं विचारलं, म्हणाले. तिने चहा दिला, प्यायले, कप विसळून दिला. मग ती होडीकडे गेली आणि परत आली तर जागेवर नव्हते. तिथे चिखल असा आहे वहिनी, भरती आली की काही दिसत नाही. आणि दुसऱ्या बाजूला रिफायनरीचा रस्ता, टँकर सुटतात तिथनं, गुजरातला, कुठे-कुठे. सुंदराबाई म्हणते, मी पाण्याचा आवाज ऐकला नाही. मी ऐकला असता, म्हणते. मी तिचं ते धरून बसलेय. सासूबाईंनी गावाहून निरोप पाठवला, कुंकू पुसायचं की ठेवायचं ते ठरव. मी काय ठरवणार? कोण ठरवतं असं?

आणि एक मी कुणाला विचारलेलं नाही. क्षमाला का मागे ठेवलं? तिला नेली असती तर तिला घेऊन परत यावंच लागलं असतं, नाही का, लहान पोरीला घेऊन संध्याकाळच्या आत परत येतोच माणूस. म्हणजे दारात असताना ठाऊक होतं त्यांना. की नेली असती तर — नाही. तसं नाही. त्याच्या पुढे मी जात नाही. फॉल लावते, टाके मोजते, त्याच्या पुढे जात नाही. तुम्हीही जाऊ नका. तसा माणूस नव्हता तो.

पाणी देऊ का तुम्हाला?

म्हणून म्हटलं, क्षमाला मासा नको. तिला मी सांगितलंय की बाबा माशाला जागा शोधतायत. चांगली जागा मिळाली की येतील. काय सांगायला हवं होतं? तिने ते धरलं. गेल्या पावसाळ्यात शाळेतनं आलीच नाही. मी वेडीपिशी. आपल्या तळमजल्यावरचा नंदकुमार, तो कंडक्टर आहे ना बसवर, त्याच्याच गाडीत चढली होती, माहुलच्या. एकटी. वॉटरबॅगमध्ये गटारातले दोन गप्पी मासे धरून घेतले होते. त्याने विचारलं, कुठे गं निघालीस? तर म्हणाली, बाबांकडे, त्यांच्याकडे जगतात. नंदकुमारने पुढच्या स्टॉपला गाडी दुसऱ्या कंडक्टरवर सोपवली आणि तिला कडेवर घेऊन आला, एवढी मोठी पोरगी, त्याच्या खांद्यावर डोकं टाकून. मला म्हणाला, वहिनी, हिला एकटी सोडू नका. आता मी सोडत नाही. शाळेत ने-आण करायला जयंतीच जाते. हो, तीच. मी सांगितलं नाही, ती आपणहून जाते, ऊन नाही, पाऊस नाही. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

नाही-नाही, तसं नका करू. सगळ्यांच्या हातात पिशवी आणि हिच्या एकटीच्या हातात पेन्सिल — पोरं बघतील, विचारतील, हिला आठवेल. त्यापेक्षा ती येणारच नाही, ताप आला म्हणून सांगेन. ऑर्डर देऊन झालीय, मला कळतंय. तुमचा मुलगा वाट बघत असेल, त्याचा काय दोष. मी तुम्हाला देऊ नका म्हणायला कोण. फक्त — फक्त दारात उभ्या राहून त्या पोरांकडे एकदा बघा देताना. मग ठरवा.

थांबा. जयंतीचा आवाज. शाळा सुटली वाटतं. डोळे पुसा वहिनी, क्षमाला लगेच कळतं. हा पदर घ्या, नाही, ती गिऱ्हाइकाची साडी आहे, हा घ्या. तिच्यासमोर वाढदिवसाचं काढू नका, तिने विचारलंच तर सांगा की — नको, काही सांगू नका, नुसत्या हसा आणि निघा.

आलीस? चपला बाहेर काढ. हात-पाय धू आधी, डब्यात चिवडा आहे. ह्या? ह्या वरच्या नवीन काकू. काही नाही गं, सहज आल्या होत्या. निघाल्याच आहेत.