पाखंडी ओळखायची रीत

दुबईत अल क्वोजच्या दवाखान्यात महादू टोकन धरून बसला होता. शेजारच्या मायलेकी मराठीत बोलताहेत म्हटल्यावर त्याचा कान आपसूक तिकडे लागला. लेकीचा शाळेचा इतिहासाचा प्रोजेक्ट आई वाचून दाखवत होती.

"ऐक ओवी. साडेनऊशे वर्षांपूर्वी जर्मनीत काही ख्रिश्चन लोक मांस खात नव्हते. चर्चच्या लेखी ते पाखंडी."

"बट मम्मा, ओळखणार कसं?"

"एकेकाच्या पुढ्यात कोंबडी ठेवायची आणि सांगायचं, काप."

"अँड देन?"

"ज्यांनी कापली नाही, त्यांना फाशी दिली."

"फॉर अ चिकन?"

"जीव घेणं पाप मानायचे ना ते."

"जस्ट वन कापायची. मग गॉडला सॉरी म्हणायचं."

"हो, एक कापली असती तर सुटले असते."

"तू कापली असतीस?"

"जिवावर बेतलं तर काय सांगावं गं."

"हे अंकलपण ऐकतायत. अंकल, तुम्ही कापली असती?"

"ओवी, असं विचारू नये. सॉरी हं दादा."

"ऱ्हाऊ द्या ताई. पोर हाय." महादूचा हात कॉलरखाली गेला आणि रिकाम्या गळ्यावरून फिरून परत आला. "मी कापली गो बाय. गावाहून येताना गळ्यात तुळशीची माळ होती. कामगारांच्या कॅम्पात पयल्याच शुक्रवारी मेसवाल्यांनी हातात सुरी दिली. माळ काढून ठेवली आणि कापली."

"तुम्हालापण फाशी देणार होते?"

"नाय गो. नुसते हसत होते."