वकिलाला लुगडं

तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीची रांग अशी, की सकाळी काळ्या केसांनी उभा राहिलेला माणूस दुपारी पांढरा होऊनच निघावा. मोहनरावांच्या पुढं नांदूरघाटचा आश्रुबा आणि त्याची बायको चतुराबाई उभी होती. मोहनरावांचे कान आपोआप पुढं सरकले.

“नवं लुगडं कुठलं गं?”

“जालिंदरदादानं आनलं. टँकरच्या पान्यावर दिवस काढतोय, तरी बहिनीला इसरला न्हाई. तुमी त्याची जमीन घेताय ना?”

“व्हय, तीन एकर. वकीलबी त्यानंच दिला. म्हनला, घरचा मानूस असताना दुसरा कशाला हुडकता?”

“मग मला कशापायी आनलं?”

“वकील म्हनतो, सात-बाऱ्यावर तुझंबी नाव हाय. अर्धी जमीन तुझी. आधी तू हक्क सोडून अंगठा द्यायचा, मग दादा समदी जमीन मला इकनार.”

“थांबा. माझी जमीन मी दादाला फुकट द्यायची, अन् तुमी तीच दादाकडून इकत घ्यायची?”

आश्रुबानं बोटांवर हिशेब लावला. मग दुसऱ्या हातावर लावून पाहिला.

“आगं, वकिलानं सांगितलं तवा लई बरुबर वाटलं व्हतं.”

“चला घरी. ह्ये लुगडं घडी घालून देते, दादाला नेऊन द्या. म्हनावं, वकिलाला नेसव.”