चेटकिणीने दृष्ट काढली

हलू नकोस, उन्नती — भुवईवरची कातडी ताणून धर, चिमटा बसला तर म्हणशील मनोरमाने मुद्दाम केलं. बोलूही नकोस. काल सोसायटीच्या हॉलमधून पिक्चर अर्धा टाकून उठून गेलीस आणि आज पार्लर उघडायच्या आधी दारात हजर — आयब्रोसाठी? अगं, मी काय दूधखुळी आहे? तुला विचारायचंय, तुझ्या बाबांचं न् माझं काय चाललंय. काही चाललेलं नाही. भुताचा पिक्चर होता तो, विनोदी. त्यात मी चेटकीण झाले, तुझे बाबा सदानंदराव झाले इनामदार. संपला विषय.

आता त्या सुमेधचं डोकं तुला माहितीये — सी विंगमधला, वालीवला पुठ्ठ्याचे खोके बनवतो आणि स्वतःला दिग्दर्शक म्हणवतो. म्हणे, पिक्चर जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखा दिसला पाहिजे. म्हणून भारीतला कॅमेरा आणला, आणि मग काढलेलं सगळं कॉम्प्युटरवर खराब करत बसला — रेघा पाड, रंग उडव. आमच्या आईचा टीव्ही तेवढं फुकटात करायचा! धुक्यासाठी काय, तर सोसायटीचं डास मारायचं मशीन. डासांना काही झालं नाही, नायिका मात्र खोकून बेजार. चेटकिणीची झोपडी अर्नाळ्याला, बोंबील वाळत घालतात तिथे — नायिका झालेली ती दिपिका बिचारी नाक धरूनच प्रेमात पडली. आणि मला का घेतलं? तर म्हणे, काकू, तुम्हाला मेकअपची गरज नाही. — हसू नकोस, दोरा तुटेल.

बाबांना का घेतलं म्हणजे काय? अख्ख्या नायगावात जुना सफारी सूट त्यांच्याचकडे निघाला. तुझ्या आईने डांबराच्या गोळ्या घालून जपलेला. अजून अंगाला बसतो छान — म्हणजे, पिक्चरमध्ये दिसलाच ना सगळ्यांना. केस मी काळे केले त्यांचे, इथेच, याच खुर्चीत. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा आरशात नीट बघितलं गं त्या माणसाने. माझा तर कंगवाच थांबला — असो.

तर सीन काय, की चेटकिणीने इनामदारावर वशीकरण करायचं. मुठीत मीठ-मिरच्या घ्यायच्या, उलटं ओवाळायचं, डोळे वटारून खदाखदा हसायचं. पाठ होतं मला सगळं. पण ते सूट घालून उभे राहिले आणि — इतकी माणसं टक लावून बघतायत, दिपिका म्हणतेय काका काय दिसताय, मासळीवाल्या हातातलं काम टाकून उभ्या — आणि नेमका ह्यांना, म्हणजे तुझ्या बाबांना, ठसका लागला. डोळ्यांत पाणी. मशीनचा धूर होता, मलाही कळतं. पण हात ऐकेना. वशीकरण राहिलं बाजूला, मी सरळ दृष्टच काढली त्यांची. आल्यागेल्याची, भुताखेताची, शेजारणीपाजारणीची — आणि कानशिलावर बोटं मोडली कडाकडा. सुमेध ओरडतोय, काकू, चेटकीण आहात तुम्ही! पण उन्हं उतरली होती, पुन्हा घेता येईना, तसंच ठेवलं त्याने.

तिथपर्यंत हॉल कसा हसत होता ना? आणि तिथे सगळ्या बायका चिडीचूप. बायकांना कळतं. वाटेवरच्या माणसाची दृष्ट कुणी काढत नाही, घरच्याची काढतात. तू तेव्हाच उठलीस. मी बघितलं.

रविवारी पुण्याला नेतेयस म्हणे त्यांना. कायमचं. चांगलं आहे, माणसाने लेकीकडे राहावं. मी कोण बोलणारी? फक्त रात्री दही देऊ नकोस, खोकला उसळतो. आणि चहा पुढ्यात ठेवून निघून जाऊ नकोस, समोर बसलं नाही तर तसाच गार करून ठेवतात — तुला माहीतच असेल. नाही माहीत?

काय? मोठ्याने बोल. एवढंच विचारायला आलीस — तो अभिनय होता का म्हणून? होता. अभिनयच होता. लिहून देऊ का?

अशी बघू नकोस गं माझ्याकडे. मला कुठला अभिनय येतोय.

ऊठ. झालं. — हो, एकच भुवई झालीये, कळतंय मला. दुसरी पुण्यात कर. जा म्हणते ना.