माळावरच्या बागेची पट्टी

माझं माहेर शिरूर कासारच्या अंगाचं, कोरडा मुलूख, आन् लगीन करून दिलं ते बीडच्या कुंभारवाड्यात. मालक चाकावर बसायचा, मी चिखल तुडवायची आन् बाजाराच्या दिशी मडकी मांडून बसायची, शेजारी धाकटा दीर दगडू त्याची मडकी मांडायचा. एक लेक झाली, सासूचं नाव ठेवलं, गया. निजामाचं राज व्हतं म्हन्त्यात, पर राजा आमी कव्हा पाह्यला न्हाई, आमचा राजा म्हंजी तहसीलदार.

मंग गाठीचा ताप आला. काय सांगू तुमाला, घराघरात उंदरं मरून पडाया लागली तशी कचेरीची माणसं आली आन् म्हनली गाव खाली करा. समदे नदीपल्याडच्या माळावर गेलतो, कुडाची खोपटं घातली, हिंदू मुसलमान एकाच वळीत, आमच्या बाजूला चांदभाई बागवान, फळं इकायचा तो. भर उन्हाळा. त्या माळावर झाड म्हनून न्हाई, एक बी न्हाई, नुसते तापलेले दगड. समदे आपापल्या लेकरांच्या काखा चाचपायचे, मी बी गयाच्या चाचपायची, गाठ काय आली न्हाई. ऊन लागलं तिला. सकाळी बोलत व्हती, दुपारी डोळे फिरवले. खोपटात भट्टीवानी झालतं, आन् भाईर न्यावं तं सावलीच न्हाई, मंग मालक तिला पोटाशी धरून वाकून चालत ऱ्हायला, आपल्याच अंगाची सावली तिच्यावर धरून. तिथंच गेली, त्याच्या पोटाशी. मी रडले न्हाई. रडू आलंच न्हाई. लोक म्हनले बाई दगड झाली, तसंच आसंल.

ताप सरला, गावात माघारी आलो, चाक फिराया लागलं. मालक कुणाशी बोलंना, माझ्याशी बी न्हाई. मी मडकी इकायची.

पुढं काही सालं गेली आन् नवे तहसीलदार आले. त्यांनी बाजारातल्या समद्यांला चावडीवर बोलावलं, त्यांच्या पेशकारानं, म्हंजी कारकुनानं, उर्दूत वाचलं आन् पाटलानं मऱ्हाटीत सांगितलं, की त्या माळावर हीर खणायची, बाग करायची, माळी ठेवायचा, बाग समद्यांना मोकळी, आन् त्यापायी बाजारात बसणाऱ्या हरेकानं दर बाजाराला पट्टी द्यायची. बाजाराची कबुली असंल तरच वरून मंजुरी. समदे कुरकुराया लागले. दगडू बोलायला धीट, तो उठला, म्हनला साहेब, बागेत फिरणार तुमी लोक बग्गीतून, मंग पट्टी कुंभारानं कशापायी द्यायची. खोटं न्हवता बोलत. चांदभाई बी म्हनला, दगडू सही बोलता है.

मी मागं बायांत बसलेली. बोलायचं ठरवून गेलते आसं बी न्हाई, तोंडातून निघालं, मी देते पट्टी. दगडू म्हनला, वैनी, तू गप ऱ्हा. मी म्हनले, कोण फिरतंय त्याचं मला काय न्हाई, फुलं नका लावू, कडूलिंब लावा, चिंच लावा, पुन्यांदा ताप आला की आपल्याला त्याच माळावर हाकलणार हायेत, तव्हा लेकरू कुठं ठिवायचं तेवढं सांग. आवाज चढवला न्हाई. मालक उठला आन् माझ्याजवळ येऊन उभा ऱ्हायला. मंग चांदभाईनं मान खाली घातली, म्हनला, भाभी देते तं मी बी देतो. तिथून एकेक हो म्हनाया लागला. तहसीलदारांनी इचारलं, बाई, झाडं मोठी व्हायला लई सालं लागतील, तवर देशाल का. मी म्हनले, ऊन काय कुठं चाललंय व्हय.

दगडूनं त्या दिसापासून बोलणं टाकलं, मडकी बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला न्हेऊन मांडली. पहिल्या उन्हाळ्यात रोपं जळाली, उरली ती शेरडांनी खाल्ली, लोक माझ्यासमोर थांबून हासायचे, का वं बाई, कुठंय तुझी सावली. मी मडकं वाजवून दाखवायची, घ्यायचं तं घ्या म्हनायची. माळ्यानं काट्याचं कुंपण घालून पुन्यांदा लावली, ती धरली.

लिंबं चांगली डोक्याच्या वर गेली आन् ताप पुन्यांदा आला, पुन्यांदा समदे माळावर. दगडूची सून दिवस भरलेली, ती लिंबाखाली बाळंत झाली, भर उन्हात. दगडू माझ्या खोपटापशी येऊन उभा ऱ्हायला, म्हनला, वैनी, नातू झाला, तिथं गार हाय. मी म्हनले, बरं झालं. मला आनंद व्हाया पायजे व्हता. आत काय हाललं न्हाई. त्याच तापात माझा मालक गेला, गाठ आलती त्याला, पर चिंचंखाली पडून गेला, पाणी मागून प्याला आन् गेला.

आता दगडूच्याच घरी भाकर खाते. सून चांगली हाय. पट्टी चालूच हाय, नवे दुकानदार कुरकुरत्यात, कुरकुरू द्या. साहेबांच्या बग्ग्या सांजच्याला येत्यात बागेत, दगडू म्हनला व्हता तसंच झालं, ते बी खरंच. मी जात न्हाई तिकडं. तुमी एवढ्या लांबून आलाव तं जाऊन या. सांजच्याला नका जाऊ, भर दुपारी जा, घटकाभर टेका. सुखी ऱ्हावा.