खडखडणारी गाडी आणि टोकावड्याचं स्थळ

अगो बायांनो, ऐका तर! शेजारचे बबनभावोजी पोरासाठी टोकावड्याला मुलगी बघायला निघाले, तर त्यांच्या जुन्या गाडीचं पुढचं डावं चाक प्रत्येक खड्ड्यात खडखडायला लागलं. भावोजी हवालदिल. "मुलीकडचे म्हणतील, भंगार घेऊन आले!"

मला नेणार नव्हतेच, मी फार चौकश्या करते म्हणून. तरी मी पुढं डाव्या बाजूला जाऊन बसले. "चालवा बरं, कुठून वाजतंय ते सांगते."

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, आवाज बंद!

"ह्या बाजूचं बुश, चाकाच्या दांड्यातलं रबर, झिजलंय, भावोजी. वरती वजन असलं की गप्प बसतंय."

"मग तुमीच चला वहिनी. पण तिथं काय विचारायचं नाय!"

बुश त्यांनी बदललं ते पोराच्या लग्नानंतर. तोवर प्रत्येक फेरीला पुढं मीच, आणि मुलीच्या सगळ्या आत्यांची सासरं मला पाठ झाली होती.