बेचाळीस लेखांतली ताई

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलेल्या म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्या दिवंगत बायकोवरचा त्याचा ब्लॉग शेजारी बसलेल्या मेहुणीने मोबाइलवर वाचून संपवला. समोरच्या बाकावरच्या शिक्षिकेला आपला नंबर येईपर्यंत कान बंद ठेवणं काही जमलं नाही.

“मग? मोकळेपणी सांग. उद्या तिला जाऊन वर्ष होतंय, त्याआधी सगळं सुधारून घेतो.”

“भाषा चांगली आहे, भाऊजी.”

“ते सगळेच म्हणतात. चुका सांग.”

“ताईवर बेचाळीस लेख लिहिलेत. त्यांत ती एकदाही बोलत नाही.”

“मुळात कमीच बोलायची ती.”

“आमच्याकडे आली की तिला गप्प करावं लागायचं. ताटातलं निवून जायचं.”

“माहेरी सगळ्याच बोलतात. टीका कर म्हणालो होतो, उणीदुणी काढ म्हणालो नव्हतो.”

“टीकाच करतेय. तिचं एक वाक्य घाला, ती बोलायची तसंच. वाचणाऱ्याला ती दिसेल तरी.”

“एवढंच ना?”

दोन नंबर पुकारले गेले. दोन माणसं आत जाऊन आली.

“आठवलं, भाऊजी?”

“थांब जरा. ‘चहा टाकू का?’ असं विचारायची. रोज.”

“ते तुमच्यासाठी होतं. तिचं स्वतःचं काहीतरी सांगा.”

म्हाताऱ्याचा नंबर आला. भिंत चाचपत तो दोन पावलं गेला आणि वळला.

“तूच सांग ना एखादं. तुझ्याशी बोलायची म्हणतेस.”

“सांगते की. पण ते तुमच्याच्याने छापवणार नाही.”