बाकं फिरवायची परवानगी

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मुख्याध्यापिका आणि त्यांची धाकटी नणंद नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

"वहिनी, शाळा काय म्हणतेय?"

"शाळा काय म्हणणार? म्हणतात ते राजधानीतले शिक्षण खात्याचे साहेब. बाकं कुठं तोंड करून लावायची, तेसुद्धा तिथूनच ठरतं."

"तिथं बसून त्यांना काय कळतं?"

"तेच तर. आमच्याकडे दुपारी फळ्यावर ऊन येतं. पोरं डोळे बारीक करून बसतात. पण बाकं फिरवायची तर परवानगी मागा."

"मग मागितलीत?"

"वर्षभर मागे लागले होते. काल कळवलं एकदाचं, की यापुढे असलं सगळं शाळेनंच ठरवावं."

"चला, गंगेत घोडं न्हालं."

"अगं, जो वर्गात उभा राहतो त्यालाच कळतं ना? थांब हं, शाळेतून फोन आहे... बोला बाई. काय, बाकं फिरवली? कोणाला विचारून? ऊन येतं ते मला माहीत आहे. होती तशी लावा आधी. मी येऊन बघते, मग ठरवू."

"काय झालं, वहिनी?"

"बघ ना. एक दिवस मी नाही, तर लागल्या आपल्या मनाने करायला."